सोयावडीचं सुक्कं आणि तांबडा रस्सा: मटणाचा क्रम इथं का चालत नाही

सातारा-सांगलीकडं मटणाचा क्रम घरोघरी हाताला बसलेला असतो. मटण धुवायचं, हळद-मीठ-आलं-लसूण लावून शिजवायचं, त्याची आळणी, म्हणजे मटण शिजलेलं पाणी, बाजूला काढायची, मग वाटण आणि चटणी परतून त्याच आळणीवर रस्सा करायचा. श्रावण लागला किंवा घरात कुणी माळकरी असलं की सोयावडी येते, आणि हाच क्रम तिच्यावर जसाच्या तसा चालवला जातो. मग वडी चिवट लागते, आतून पांढरी आणि अळणी राहते, रश्श्याला कच्च्या सोयाबीनचा वास येतो आणि कट, म्हणजे वर तरंगणारं तांबडं तेल, काही वर येत नाही.

मटण पातेल्याला रस आणि चरबी देतं. सोयावडी देत काहीच नाही, उलट ओढून घेते. तेल काढून घेतलेल्या सोयाबीनच्या पिठाला यंत्रात उष्णता आणि दाब देऊन ती फुलवलेली असते. म्हणजे ती आधीच शिजलेली आहे. तिच्यात निम्म्याच्या आसपास प्रथिनं असतात आणि चरबी जवळजवळ नसते. त्यामुळं मीठ, तेल आणि रश्श्याचा दम या तिन्ही गोष्टी बाहेरून द्याव्या लागतात, आणि कुठली कधी द्यायची यावरच सगळं ठरतं.

खालचं प्रमाण चार ते पाच जणांसाठी आहे. एकाच तयारीतून थोडं सुक्कं आणि पातेलंभर रस्सा होतो.

साहित्य

वडीसाठी: मोठी सोयावडी १५० ग्रॅम, मीठ २ चमचे, हळद अर्धा चमचा, पाणी दीड लिटर.

लावण्यासाठी: लसूण १२ ते १५ पाकळ्या, आलं १ इंच, कोथिंबीर मूठभर, हिरवी मिरची १, घट्ट दही २ मोठे चमचे, तेल १ मोठा चमचा, चटणी १ चमचा, हळद पाव चमचा, मीठ पाऊण चमचा.

कळणासाठी (हुलगे शिजवून गाळलेलं पाणी): हुलगे म्हणजे कुळीथ १०० ग्रॅम, पाणी दीड लिटर.

वाटणासाठी: मध्यम कांदे ४, सुकं खोबरं ५० ग्रॅम, तीळ १ मोठा चमचा, खसखस १ चमचा, लसूण ८ पाकळ्या, आलं अर्धा इंच, कोथिंबिरीचे देठ.

फोडणीला: शेंगतेल ९ मोठे चमचे आणि वर चमचाभर (वडी आणि वाटणाचा कांदा परतायला धरून), तमालपत्र २, लवंगा ३, दालचिनीचा बोटभर तुकडा, चटणी ३ मोठे चमचे, सुक्क्यासाठी बारीक चिरलेला कांदा १.

चटणी म्हणजे घरची कांदा-लसूण चटणी. पाकिटातला मसाला असेल तर आधी चाखून बघा. काहींमध्ये मीठ बरंच असतं आणि तिखटपणाही एकसारखा नसतो, तेव्हा पहिल्यांदा दोनच मोठे चमचे घ्या.

तेल पाहून हात आखडू नका. मटणाच्या रश्श्यात चरबी सुटते म्हणून कमी तेलात भागतं. इथं तसं काही सुटणार नाही.

टप्पा १: वडी निवडणं

बाजारात मोठी वडी, बारीक वडी आणि चुरा असे तीन प्रकार मिळतात. रस्सा आणि सुक्क्याला मोठीच घ्या. बारीक वडी पुलावात बरी, रश्श्यात ती लवकर लिबलिबीत होते. चुरा खिम्यासाठी.

आठवडी बाजारात सुटी वडी घेताना एक वडी मोडून नाकाशी धरा. पिठूळ, किंचित कडधान्यासारखा वास ठीक आहे. जुन्या तेलाचा खवट वास आला तर ती सोडून द्या, तो वास कितीही उकळलं तरी जात नाही. रंग फिका पिवळसर असावा. तळाशी फार भुगा साचलेला माल घेऊ नका, तो भुगा रश्श्यात उतरतो आणि रस्सा गढूळ होतो.

टप्पा २: हुलग्याचं कळण

हा टप्पा बहुतेक घरांत होतच नाही, आणि रस्सा पांचट लागण्याचं मुख्य कारण हेच. मटणाच्या आळणीच्या जागी नुसतं पाणी घातलं तर रश्श्यात चटणीचा तिखटपणा तेवढा राहतो, दम राहत नाही. वडी उकळलेलं पाणी तर मुळीच वापरायचं नाही, ते का ते पुढं येईल.

आळणीची जागा हुलगा चांगली भरून काढतो. त्याचं पाणी गडद असतं आणि चवीला मातीकडं झुकणारं, भरीव.

१. हुलगे निवडताना खडे बघा. या धान्यात ते हमखास निघतात. आठ तास भिजवा, म्हणजे आदल्या रात्रीच.

२. भिजवलेलं पाणी टाकून द्या. नवं दीड लिटर पाणी घालून कुकरमध्ये सात-आठ शिट्ट्या करा, मग गॅस बारीक करून दहा मिनिटं ठेवा. मीठ घालू नका.

३. कुकर आपोआप उतरू द्या. चाळणीवर गाळा, दाणे दाबू नका. दाबले की पिठूळ साका खाली येतो आणि रस्सा आमटीसारखा दाटतो.

*तपासा:* सव्वा लिटरच्या आसपास, काळ्या चहाच्या रंगाचं पाणी मिळायला हवं. कमी भरलं तर गरम पाणी मिसळा. उरलेल्या हुलग्यांची उसळ होते, टाकू नका.

हुलगा घरात नसेल तर आख्खा मसूर चालतो. तो भिजवायची गरज नाही, तीन शिट्ट्या पुरतात. चव मात्र सौम्य येते.

टप्पा ३: वडी उकळणं आणि पिळणं

सगळ्यात जास्त चुका इथं होतात. गरम पाण्यात पाच मिनिटं बुडवली, एकदा दाबली, टाकली फोडणीत, एवढ्यावर भागत नाही.

१. दीड लिटर पाणी खळखळ उकळू द्या. त्यात २ चमचे मीठ आणि हळद घाला, मग वडी. पाण्याला उकळी फुटण्याआधी वडी टाकू नका. कोमट पाण्यात ती बाहेरून मऊ पडते आणि गाभा कडक राहतो.

२. वडी तरंगते, म्हणून झाऱ्यानं खाली दाबत राहा. मध्यम आचेवर सहा मिनिटं. फेस वर येईल, तो उतू जाऊ शकतो, तेव्हा पातेलं मोठं घ्या.

३. गॅस बंद करून झाकण ठेवा, दहा मिनिटं.

*सावध:* या पाण्यात टोमॅटो, चिंच, लिंबू असं आंबट काही घालू नका. आंबटात सोयाचं प्रथिन आक्रसतं आणि पाणी नीट धरत नाही. चिवटपणाचं हे एक न कळणारं कारण आहे.

*तपासा:* सगळ्यात मोठी वडी मधोमध फाडा. आतून बाहेरून रंग एकच हवा. मध्ये फिका, कोरडा ठिपका दिसला तर आणखी पाच मिनिटं झाकून ठेवा.

४. चाळणीत ओता, पाणी फेकून द्या. सोयाचा वास आणि पोटात वारा धरणाऱ्या साखरा या पाण्यात बऱ्याचशा उतरलेल्या असतात. ‘पौष्टिक आहे’ म्हणून हे पाणी रश्श्यात घालणं ही अगदी नेहमीची चूक आहे.

५. वडीवर गार पाणी घाला, हाताला सोसवेल इतकी निवली की दोन तळव्यांमध्ये एका वेळी पाच-सहा धरून दाबा. पिळा म्हटलं की लोक कपड्यासारखी पीळ देतात, त्यानं वडी तुटते. सपाट दाबायचं.

६. पुन्हा स्वच्छ पाण्यात बुडवा, फुगू द्या, पुन्हा दाबा. पहिल्या वेळचं पाणी पिवळट आणि फेसाळ असतं. निघणारं पाणी बिनफेसाचं दिसेपर्यंत हे करा. साधारण दोन वेळा, जुन्या वडीला तीन वेळा लागतात.

७. शेवटच्या धुण्याच्या पाण्यात अर्धा चमचा मीठ टाका. धुताना वडीतलं मीठही निघून गेलेलं असतं आणि आत उरणारं पाणी अळणी राहिलं तर पुढं कितीही मसाला लावा, चावल्यावर मध्ये चव लागत नाही.

*तपासा:* घरात वजनकाटा असेल तर दाबलेली वडी तोला. १५० ग्रॅमची ३७५ ते ४५० ग्रॅम भरावी. त्याहून बरीच जास्त भरली तर आत पाणी आहे, आणि त्या पाण्याच्या जागी मसाला जाणार नाही.

खूप मोठ्या वड्या हातानं फाडून दोन करा. सुरीनं कापू नका. फाटलेल्या खरबरीत बाजूला मसाला धरतो, कापलेल्या गुळगुळीत बाजूवरून निथळतो.

टप्पा ४: लावून ठेवणं

दाबून झाल्यावर लगेच, वडी कोमट असतानाच. पाणी काढलेली वडी स्पंजासारखी असते, पहिलं जे ओलं मिळेल ते ओढते. ते पहिलं ओलं म्हणजे लसूण-आल्याचं वाटण असायला हवं.

लसूण, आलं, कोथिंबीर, मिरची बारीक वाटा. दोन-तीन मोठे चमचे पाणी घालून सरसरीत करा. घट्ट गोळा वरच राहतो, आत शिरत नाही. त्यात दही, तेल, हळद, मीठ, चटणी मिसळून वडीला चोळा आणि हलकं दाबून सोडा, म्हणजे ते आत खेचलं जातं. अर्धा तास पुरे. रात्रभर ठेवून फरक पडत नाही. मटणाला मुरायला वेळ लागतो म्हणून तिथं ती पद्धत आहे.

दही दोन मोठ्या चमच्यांहून जास्त नको, आणि आंबट तर नकोच.

टप्पा ५: भाजणं आणि वाटण

वडी मुरतेय तोवर हे उरकतं. सगळं एकत्र कढईत टाकून भाजायचं नाही. तीळ मिनिटाभरात करपतात, कांद्याला पाव तास लागतो.

१. दोन कांदे सालासकट जाळीवर ठेवून बाहेरून काळे होईपर्यंत भाजा. बाकीचे दोन उभे चिरा. जाळीवरच्या कांद्याचा धुरकट वास या रश्श्याला फार उपयोगी पडतो.

२. तव्यावर, बिडाचा असेल तर उत्तम, खोबऱ्याचे पातळ काप बारीक आचेवर खरपूस बदामी करा. काढून घ्या.

३. त्याच तव्यावर तीळ, मग खसखस, वेगवेगळी. तडतडायला लागली की लगेच उतरवा, तवा गरम असतो, त्यावर राहू दिली तरी करपतात.

४. चमचाभर तेलात चिरलेला कांदा कडा काळपट होईपर्यंत परता, बारा ते पंधरा मिनिटं. शेवटी लसूण, आलं.

५. सगळं निवू द्या. गरम कांदा मिक्सरमध्ये घातला तर वाफेनं झाकण उडतं. आधी खोबरं-तीळ-खसखस कोरडं फिरवा, मग सोललेला भाजका कांदा आणि बाकीचं घालून, लागेल तसं थोडं पाणी टाकत गंधासारखं वाटा.

*सावध:* खोबरं काळं झालं असेल तर ते टाकून द्या आणि नवं भाजा. तो कडवटपणा गूळ घालूनही झाकला जात नाही.

*तपासा:* वाटण दोन बोटांत चोळून बघा. खोबऱ्याची कणी लागली तर पुन्हा फिरवा. जाडसर वाटणातून तेल सुटत नाही आणि ते पातेल्याच्या तळाला बसतं.

टप्पा ६: वडी परतणं

पसरट कढईत ३ मोठे चमचे तेल तापवा. मुरलेली वडी एका थरात पसरा, उरलेलं ओलं वाटण भांड्यातच राहू द्या. मध्यम आच, सात-आठ मिनिटं, मधूनमधून उलटत. कडांना तांबूस डाग पडले की उतरवा.

हा टप्पा गाळला तर वडी रश्श्यात फुगून लिबलिबते. जास्त केला तर बिघाड दुसरा. काही जण ती भज्यासारखी तळून कडक करतात. तळताना आतलं पाणी उडतं, वडी तेल पिते आणि रश्श्यात गेल्यावर चामड्यासारखी लागते. बोटानं दाबली तर ती उसळून वर यायला हवी.

परतलेल्या वडीतली एक तृतीयांश सुक्क्यासाठी बाजूला काढा.

टप्पा ७: रस्सा

कळण शेजारच्या शेगडीवर उकळत ठेवा. ही सोय आधी करा, मगच फोडणीला हात घाला.

१. पातेल्यात ४ मोठे चमचे तेल. तापलं की तमालपत्र, लवंगा, दालचिनी.

२. वाटणाचा दोन तृतीयांश भाग घाला. मंद ते मध्यम आचेवर आठ ते दहा मिनिटं परता. लागायला लागलं तर चमचाभर कळण शिंपडा. वडीच्या भांड्यात राहिलेलं हिरवं वाटणही आता घाला, त्यातलं दही फुटून पाणी आटेपर्यंत हलवा.

*तपासा:* वाटणाचा गोळा कडेनं सुटून तेल दिसू लागलं पाहिजे. नसेल तर थांबा. इथं दोन मिनिटं वाचवली तर कट येत नाही.

३. गॅस अगदी बारीक करा. चटणी दोन मोठे चमचे, दोन चमचे गरम कळण शिंपडत मिनिटभर परता. मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. म्हणून चटणी आधी तेलाला भेटली पाहिजे. रस्सा उकळत असताना वरून चटणी टाकली तर तिखट वाढतं, रंग येत नाही. मोठ्या आचेवर टाकली तर ठसका उठतो आणि रंग काळा पडतो.

४. उकळतं कळण साधारण एक लिटर घाला, एकदम नाही, दोन-तीन वेळा करून. गार पाणी कधीच नको. त्यानं फोडणीचा ताव जातो आणि तेल वाटणात अडकून बसतं.

५. खळखळून दोन मिनिटं, मग मंद आचेवर दहा मिनिटं नुसता रस्सा उकळू द्या. वडी अजून नाही.

६. आता वडी घाला. अर्धवट झाकून दहा ते बारा मिनिटं. कुकरची शिट्टी नको. वडी आधीच शिजलेली आहे, दाबानं तिचा लगदा तेवढा होतो.

७. मीठ आता, चाखून. वडीत मीठ आहे, चटणीत आहे, कळणात नाही. आधी घातलं तर अंदाज चुकतोच.

८. गॅस बंद करून पंधरा मिनिटं झाकून ठेवा. कट या वेळात वर येतो. ढवळू नका.

पांढऱ्या रश्श्याचा हट्ट वडीच्या बाबतीत धरू नये. त्याची सगळी मदार हाडांच्या आळणीवर असते आणि हुलग्याचं पाणी मुळातच काळपट. खोबऱ्याचं दूध आणि काजू घालून पांढरं काहीतरी होतं, पण ते वेगळंच कालवण.

टप्पा ८: सुक्कं

२ मोठे चमचे तेलात बारीक कांदा गुलाबी परता. उरलेलं वाटण घालून तेल सुटेपर्यंत, मग बारीक आचेवर चटणी एक मोठा चमचा. बाजूला काढलेली वडी आणि वाटीभर गरम कळण घाला. झाकून पाच मिनिटं, झाकण काढून आणखी पाच. मसाला वडीला चिकटला आणि कढईचा तळ तेलानं चमकला की झालं. अगदी कोरडं होईस्तोवर परतू नका, ताटात येईपर्यंत वडी उरलेला ओलावाही ओढून घेते. वरून कोथिंबीर. कोळशाचा धूर द्यायचा तर दोन मिनिटंच, नाहीतर राखेचीच चव येते.

सोबत शाळूची भाकरी, इंद्रायणीचा मऊ भात, कांदा, लिंबू. भाकरीचं पीठ उकळत्या पाण्यानं मळा आणि रस्सा झाकून ठेवलेल्या पंधरा मिनिटांत थापायला घ्या. वेळ बरोबर जुळते.

बिघडलंच तर

वडी चिवट लागत असेल तर रश्श्यात अर्धी वाटी उकळतं पाणी घालून झाकून मंद आचेवर दहा मिनिटं ठेवा. भिजवण कमी पडलं असेल तर सुधारते, जास्त तळल्यानं झाली असेल तर फारशी नाही.

सोयाचा वास येत असेल तर वडी नीट पिळली गेलेली नाही. गरम मसाला ओतून तो लपत नाही. वड्या झाऱ्यानं काढा, गरम पाण्यात बुडवून दाबा, चमचाभर तेलात लसूण ठेचून परता आणि परत सोडा. कटकटीचं आहे, पण होतं.

रस्सा पातळ राहिला तर शिजलेले हुलगे मूठभर वाटून घाला. बेसन किंवा शेंगदाण्याचा कूट नको, त्यानं पिठलं किंवा आमटीकडं चव वळते.

तिखट जास्त झालं तर कळण आणि चमचाभर वाटलेलं खोबरं. दही नको, कट फाटतो.

जास्त माणसांसाठी

यात्रेला मटणासोबत माळकऱ्यांसाठी वडी करायची असेल तर माणशी ३० ते ३५ ग्रॅम कोरडी वडी धरा. पंचवीस जणांना ८०० ग्रॅम पुरते. पिळायला हात पुरत नाहीत, तेव्हा स्वच्छ पंचात बांधून पाटाखाली दाबा, दोन वेळा. चटणी आणि तेल मात्र हिशोबानं जितकं येतं त्याच्या पाऊणपटच आधी घाला. वडीचा रस्सा मटणाच्या आधी करून झाका, पातेलं, पळी आणि झारा वेगळा ठेवा. एकच पळी दोन्हीकडं फिरली तर माळकरी जेवणारच नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे.

पाहुण्यांत कुणाला सोयाबीनची ॲलर्जी आहे का हे आधी विचारा. वाटण दाट असलं की ताटात वडी ओळखू येत नाही.

उरलं तर

भिजवलेली वडी ही शिजलेल्या डाळीसारखीच लवकर आंबते. चैत्र-वैशाखाच्या उकाड्यात रस्सा दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतो. दुसऱ्या दिवशी वडीनं रस ओढलेला असतो आणि रस्सा घट्ट झालेला असतो, तेव्हा गरम कळण किंवा पाणी घालून एक उकळी आणा आणि मीठ पुन्हा चाखा. पिळलेली, मसाला न लावलेली वडी डब्यात घालून फ्रिजमध्ये दोन दिवस राहते. वाटण जास्तीचं करून छोट्या डब्यांत फ्रीझरला ठेवलं तर पुढच्या वेळी टप्पा ५ वाचतो, फक्त ते पातेल्यात घालण्याआधी पूर्ण सुटू द्या, नाहीतर गरम तेल अंगावर उडतं.